लॅझरसवर डेस्कटॉप सॉफ्टवेअर तयार करायला शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर, इचलकरंजी, कागल आणि जयसिंगपूर या परिसरातून लॅझरस शिकू पाहणारे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत बीसीए-बीसीएसचे विद्यार्थी आहेत, तसेच मार्केट यार्डातील अडत दुकानांत हिशेब सांभाळणारे आणि शिरोली एमआयडीसीतील फाउंड्रीत काम करणारेही आहेत. म्हणून उदाहरणे शक्यतो गुळाच्या पट्टीची, म्हणजे अडत्याने शेतकऱ्याला दिलेल्या विक्रीच्या हिशेबाच्या कागदाची, घेतली आहेत. मेनू आणि आज्ञांची नावे पडद्यावर इंग्रजीत दिसतात, येथे ती उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

१. लॅझरस म्हणजे नेमके काय? फुकट आहे म्हटल्यावर त्यात तयार केलेले सॉफ्टवेअर विकता येते का?

लॅझरस हे पास्कल भाषेच्या फ्री पास्कल या कंपायलरवर (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनावर) उभे असलेले विकसन साधन आहे. कोड लिहिण्याचा संपादक, फॉर्म मांडण्याचा फलक, चुका शोधणारा डीबगर आणि बटणे, याद्या, तक्ते अशा तयार घटकांची पेटी हे सर्व त्यात एकत्र मिळते. ते विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालते. विक्रीबद्दलची शंका रास्त आहे, कारण खुद्द लॅझरसचा परवाना जीपीएल, म्हणजे त्याखालील कोड जोडून केलेल्या सॉफ्टवेअरचाही कोड खुला करायला लावणारा आहे. परंतु आपल्या प्रोग्रामला जोडली जाणारी एलसीएल ही घटकांची लायब्ररी सवलतीच्या एलजीपीएल परवान्याखाली येते, त्यामुळे आपला कोड उघड न करता तयार सॉफ्टवेअर विकायला हरकत नाही. इतरांचे घटक बाहेरून आणून जोडल्यास मात्र प्रत्येकाचा परवाना स्वतंत्रपणे वाचावा.

२. आजच्या नोकरीच्या बाजारात पास्कल कोण विचारतो? त्यापेक्षा थेट व्हिज्युअल स्टुडिओ शिकू का?

पुण्यातील कंपनीत मुलाखत देणे हेच उद्दिष्ट असेल, तर सी शार्प, जावा किंवा पायथन शिकावे; याबाबत आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. लॅझरसची जागा वेगळी आहे. स्थानिक दुकानदार, अडते, लहान कारखानदार यांना जुन्या यंत्रावरही झटपट उघडणारे आणि इंटरनेट नसतानाही चालणारे सॉफ्टवेअर हवे असते, आणि ते एकट्याने तयार करून सांभाळायचे असल्यास लॅझरस सोयीचे पडते.

शिकलेले वायाही जात नाही. लॅझरसने ज्याचा कित्ता गिरवला, ते डेल्फी हे विकसन साधन बोरलँड कंपनीने १९९५ मध्ये आणले. डेल्फीचे मुख्य रचनाकार अँडर्स हाइल्सबर्ग पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि सी शार्प भाषेचे प्रमुख रचनाकार झाले. फॉर्म, गुणधर्म आणि घटना ही त्रयी दोन्हीकडे इतकी सारखी वाटते, यात त्यामुळे नवल नाही. एकीकडे हात बसला की दुसरीकडे प्रामुख्याने भाषेचे व्याकरण बदलते.

३. ३२ बिटचे उतरवू की ६४ बिटचे? आणि ते कोठे बसवू?

निर्णय आपल्या संगणकाकडे नव्हे, तर सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या संगणकांकडे पाहून करावा. ३२ बिटचा प्रोग्राम ६४ बिटच्या विंडोजवर चालतो, उलट मात्र होत नाही. एखाद्या गाळ्यात जुने ३२ बिटचे विंडोज ७ अजून वापरात असेल, तर ३२ बिटची आवृत्ती घ्यावी.

विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये फ्री पास्कल आधीच असते, ते वेगळे बसवू नये. सी ड्राइव्हवरील लॅझरस हा सुचवलेला फोल्डर तसाच ठेवावा. स्वतःच्या प्रकल्पांसाठीही मोकळी जागा, देवनागरी अक्षरे आणि लांबलचक मार्ग नसलेला साधा फोल्डर करावा, कारण सोबतची काही साधने अशा नावांवर अडखळतात आणि तेव्हा येणाऱ्या संदेशावरून खरे कारण लक्षात येत नाही.

४. लॅझरस उघडले की पडद्यावर चार-पाच सुट्या खिडक्या पसरतात. त्या एकत्र कशा आणायच्या?

पॅकेज मेनूतील इन्स्टॉल-अनइन्स्टॉल पॅकेजेस या पर्यायात जाऊन अँकरडॉकिंगडीएसजीएन हे पॅकेज निवडावे आणि सेव्ह अँड रीबिल्ड आयडीई हे बटण दाबावे. यानंतर लॅझरस स्वतःलाच नव्याने कंपाइल करते आणि पुन्हा उघडते. हे पाहून अनेक जण घाबरतात; परंतु घटक लॅझरसच्या प्रोग्राममध्येच जोडले जात असल्याने नवे पॅकेज बसवताना असे होणे नेहमीचेच आहे. खिडक्या सुट्याच ठेवायच्या असल्यास दोन कळा पुरतात: एफ१२ ने फॉर्म आणि कोड यांची अदलाबदल होते, तर एफ११ ने ऑब्जेक्ट इन्स्पेक्टर (निवडलेल्या घटकाचे गुणधर्म आणि घटना दाखवणारी खिडकी) समोर येतो.

५. इंटरनेटवरून बटणाचा कोड जसाच्या तसा उतरवला. कोणतीही चूक दाखवत नाही, पण बटण दाबल्यावर काहीच होत नाही. असे का?

सर्वाधिक वेळा येणारा प्रश्न हाच आहे, आणि याचे उत्तर नीट समजले की पुढच्या निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत.

फॉर्मचा संसार दोन फाइलींत विभागलेला असतो. .पास या फाइलीत आपला कोड असतो, तर .एलएफएम या फाइलीत फॉर्मवर काय कोठे ठेवले आहे आणि कोणत्या घटनेला कोणती प्रोसीजर जोडली आहे, याची नोंद असते. बटणावर दोनदा क्लिक केले की लॅझरस एकाच वेळी तीन कामे करते: फॉर्मच्या क्लासमध्ये प्रोसीजरची घोषणा लिहिते, खाली बिगिन आणि एंड यांची रिकामी चौकट उभी करते आणि .एलएफएममध्ये ‘ऑनक्लिक = बटन१क्लिक’ अशी ओळ घालते. आपण कोड चिकटवला तेव्हा पहिल्या दोन गोष्टी झाल्या, तिसरी झालीच नाही. कंपायलरच्या दृष्टीने ती एक वैध, परंतु कोणीच न बोलावलेली प्रोसीजर आहे. म्हणून तो चूकही दाखवत नाही.

उपाय सोपा आहे. बटणावर दोनदा क्लिक करून चौकट लॅझरसलाच तयार करू द्यावी आणि उतरवलेल्या कोडमधील केवळ बिगिन व एंड यांमधला मजकूर त्यात घालावा. संपूर्ण प्रोसीजर घोषणेसह आधीच चिकटवली असेल, तर ऑब्जेक्ट इन्स्पेक्टरच्या इव्हेंट्स टॅबमध्ये ऑनक्लिकसमोरच्या यादीतून तिचे नाव निवडावे.

पुसतानाही हाच विचार ठेवावा. कोडमधील प्रोसीजर आधी उडवली, तर .एलएफएममधील ओळ मागे राहते आणि पुढच्या वेळी फॉर्म उघडताना ती प्रोसीजर सापडत नसल्याची तक्रार येते. म्हणून आधी इव्हेंट्स टॅबमधील नाव काढावे, मगच कोड पुसावा. घटकांची नावेही सुरुवातीलाच बदलून घ्यावीत. फॉर्मवर बटन१ ते बटन१४ साचल्यावर जतन करण्याचे बटण कोणते, हे ते लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

थोडक्यात, क्लासमध्ये सर्वांत वर असलेली घटकांची यादी आणि .एलएफएम फाइल ही लॅझरसच्या ताब्यातील हद्द आहे, तेथे हाताने लुडबुड करू नये.

६. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये भरमसाट फाइली दिसतात. कोणत्या जपायच्या आणि कोणत्या पुसल्या तरी चालतील?

.एलपीआय ही प्रकल्पाची माहिती, .एलपीआर हा मुख्य प्रोग्राम, .पास आणि .एलएफएम या जोड्या, तसेच .रेस आणि चिन्हाची .आयको फाइल जपावी. लिब आणि बॅकअप हे फोल्डर, .एलपीएस फाइल आणि तयार .एक्झी या पुन्हा तयार होतात किंवा त्यांच्यावाचून अडत नाही. गिट (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन) वापरत असल्यास या दुसऱ्या गटाला नोंदीतून वगळावे. पेन ड्राइव्हवर केवळ .पास फाइली घेऊन येणारे विद्यार्थी दर सत्रात भेटतात; .एलएफएमशिवाय त्यांचा फॉर्म परत मिळत नाही.

७. प्रोग्राम चालवायला एफ९ दाबल्यावर नेहमी त्याच दोन-तीन चुका येतात. त्यांचा अर्थ काय?

एक्झी फाइल उघडता किंवा तयार करता येत नाही, असा संदेश असेल, तर बहुधा आपला आधीचा प्रोग्राम अजून चालू असतो. कंट्रोल आणि एफ२ दाबून तो थांबवावा, तरीही न हटल्यास टास्क मॅनेजरमधून बंद करावा.

एखादे युनिट (कोडची स्वतंत्र फाइल) सापडत नसल्याचा संदेश म्हणजे ते ज्या पॅकेजमध्ये आहे, ते प्रकल्पाला जोडलेले नाही. लॅझरसमध्ये पॅकेज बसवणे आणि प्रकल्पाला ते जोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरे काम प्रोजेक्ट इन्स्पेक्टरमध्ये न्यू रिक्वायरमेंट या पर्यायातून होते.

एक्स्टर्नल सिगसेग्व्ह ही चूक प्रोग्राम चालताना येते आणि तिचा अर्थ असा की, जी वस्तू अद्याप तयारच झालेली नाही किंवा नष्ट झाली आहे, तिला आपण हात लावला. नवशिक्यांच्या बाबतीत ती वस्तू बहुतेक वेळा दुसरा फॉर्म असते. प्रोजेक्ट ऑप्शन्समधील फॉर्म्स या पानावर तो आपोआप तयार होणाऱ्यांच्या यादीत आहे का, हे आधी पाहावे.

८. पट्टीची रक्कम हाताने केलेल्या हिशेबापेक्षा कधी कधी एका रुपयाने कमी येते. सूत्र बरोबर आहे, मग चूक कोठे?

समजा, ८.४५ क्विंटल गूळ ४,२५० रुपये दराने गेला. रक्कम ३५,९१२.५० रुपये होते. दिवाणजी ती ३५,९१३ धरतात, राउंड हे फंक्शन मात्र ३५,९१२ देते. फ्री पास्कलमधील राउंड नेमक्या अर्ध्यावर असलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे नेते, त्यामुळे ३५,९१३.५० ची रक्कम मात्र ३५,९१४ अशी अपेक्षेप्रमाणेच येते आणि गोंधळ आणखी वाढतो. बँकिंग व्यवहारांतून आलेली ही पद्धत मुद्दाम ठेवलेली आहे, तो कंपायलरचा दोष नाही. व्यापारी पद्धतीने पूर्णांक हवा असेल आणि रक्कम शून्यापेक्षा मोठी असेल, तर तीत अर्धा मिळवून ट्रंक हे अपूर्णांक गाळणारे फंक्शन वापरावे.

पैशांसाठी डबल हा प्रकार वापरू नये, करन्सी वापरावा. डबलमध्ये ०.१ सारखी संख्याही तंतोतंत साठवता येत नाही. करन्सी आतून पूर्णांकच असतो आणि दशांश चिन्हापुढील चार स्थळे अचूक सांभाळतो. फॉरमॅटफ्लोट स्वल्पविराम तीन-तीन अंकांनी टाकते, म्हणून १,३५,९१२ ऐवजी १३५,९१२ असे छापले जाते. लाख-कोटींच्या पद्धतीसाठी स्वतःचे लहानसे फंक्शन लिहावे लागते.

अशी चूक नजरेने शोधत बसण्यापेक्षा शंकास्पद ओळीवर एफ५ ने थांबा टाकावा, प्रोग्राम चालवावा आणि एफ८ ने एकेक ओळ पुढे जावे. चलाच्या नावावर माउस नेल्यास त्या क्षणाची किंमत दिसते. मात्र हे सुखाने करता यावे, यासाठी हमाली, तोलाई वजा जाता निव्वळ रकमेचा हिशेब बटणाच्या ऑनक्लिकमध्ये न कोंबता स्वतंत्र युनिटमधील फंक्शनमध्ये ठेवावा. माझ्या मते डेस्कटॉप सॉफ्टवेअर शिकताना सर्वांत आधी लावून घ्यावी अशी सवय हीच आहे, आणि बहुतेक जण ती सर्वांत शेवटी लावून घेतात. प्रश्न ५ मधील हद्दीची दुसरी बाजू ती हीच: फॉर्म लॅझरसचा, हिशेब आपला.

९. मराठी नाव छाटले की शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह येते. लॅझरसला मराठी येत नाही का?

येते. लॅझरस मजकूर यूटीएफ-८ पद्धतीने ठेवते आणि त्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘कोल्हापूर’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो. त्यात क, ओकाराची मात्रा, ल, हलन्त, ह, काना, प, उकार आणि र अशी ९ चिन्हे असतात. आणि लेंग्थ हे फंक्शन २७ सांगते, कारण ते बाइट मोजते. कॉपी वापरून पहिले १० घेतले, तर तीन चिन्हे पूर्ण येतात आणि चौथ्याचा एकच तुकडा हाती लागतो. तोच तुकडा पडद्यावर चौकोन होऊन दिसतो.

लॅझयूटीएफ८ हे युनिट घेऊन यूटीएफ८लेंग्थ आणि यूटीएफ८कॉपी वापरावे. तेही अक्षरे नव्हे तर चिन्हे मोजतात, त्यामुळे मात्रा तुटण्याची शक्यता उरतेच; पावतीवर नाव बसत नसेल तर छाटण्याऐवजी रकाना रुंद करणे अधिक सभ्यपणाचे ठरते.

१०. गावांची यादी मराठी वर्णक्रमाने लागत नाही. कळंबा आधी येते आणि कसबा बावडा नंतर.

एसक्यूलाइट हा एका फाइलीत राहणारा डेटाबेस क्रम लावताना युनिकोडमधील क्रमांक पाहतो. युनिकोडमध्ये ळ हे अक्षर ल च्या लगेच पुढे आहे, तर आपल्या वर्णमालेत ते ह नंतर येते. म्हणून कळंबा कसबा बावड्याच्या आधी जाऊन बसते. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तक्त्यात क्रमासाठी एक वेगळा रकाना ठेवणे आणि नाव जतन करताना त्यात ळ च्या जागी ह नंतर येणारे एखादे ठरावीक चिन्ह घालणे. क्रम त्या रकान्याने लावावा आणि पडद्यावर मूळ नाव दाखवावे. क्ष आणि ज्ञ यांचे स्थान कोठे धरायचे, हे ग्राहकाला विचारून ठरवावे, कारण त्याबाबत प्रत्येकाचे म्हणणे वेगळे असते.

११. जुने सॉफ्टवेअर फॉक्सप्रो किंवा व्हीबी ६ मधले आहे. ते लॅझरसमध्ये उघडेल का? निदान माहिती तरी आणता येईल का?

व्हीबी ६ चे फॉर्म उघडत नाहीत, ते नव्याने मांडावे लागतात. डेल्फीचे प्रकल्प रूपांतरित करण्याची सोय आहे, पण हात फिरवावाच लागतो. फॉक्सप्रोच्या .डीबीएफ फाइली टीडीबीएफ या घटकाने वाचता येतात; मूळ फाइलीला हात न लावता तिच्या प्रतीवरच प्रयोग करावेत.

खरी अडचण मराठी नावांची असते. जुन्या काळी श्री-लिपी किंवा शिवाजी यांसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर प्रत्यक्षात इंग्रजी चिन्हांच्या क्रमांकांनी साठवलेला असतो, आणि फॉन्ट काढला की निरर्थक अक्षरांची रांग उरते. तो युनिकोडमध्ये आणताना चिन्हागणिक बदल पुरत नाही. ‘शिरोळ’ लिहिताना त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी श च्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर हवी. ‘यार्ड’ मधील रफार तेथे ड च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये मात्र र आणि हलन्त ड च्या आधी लागतात. प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा असतो, म्हणून आधी नेमका फॉन्ट ओळखावा.

१२. तक्त्यात नोंद केली, दिसलीही. पण प्रोग्राम बंद करून उघडल्यावर गायब. असे का होते?

पोस्ट केल्यावर नोंद केवळ स्मृतीत जाते. अप्लायअपडेट्स ती डेटाबेसकडे पाठवते आणि ट्रान्झॅक्शनचे कमिट ती पक्की करते. यांतील एकही पायरी गाळली, तर पडद्यावर सर्व काही व्यवस्थित दिसूनही डिस्कवर काही उतरलेले नसते. दुसरे कारण जागेचे असते: प्रोग्राम फाइल्समध्ये सामान्य वापरकर्त्याला लिहिण्याची मुभा नसते, म्हणून डेटाबेसची फाइल तेथे न ठेवता वापरकर्त्याच्या किंवा सामायिक माहितीच्या फोल्डरमध्ये ठेवावी.

१३. माझ्या संगणकावर चालणारा प्रोग्राम दुकानातल्या संगणकावर चालत नाही, शिवाय फाइलही अवाढव्य आहे.

आकार फुगतो तो डीबगरसाठी साठवलेल्या माहितीमुळे. प्रोजेक्ट ऑप्शन्समध्ये डीबग आणि रिलीज असे दोन बिल्ड मोड तयार करून ग्राहकाला रिलीजची प्रत द्यावी. वीस एमबीच्या पुढे गेलेली फाइल काही एमबींवर येते. एसक्यूलाइट वापरले असल्यास एसक्यूलाइट३ ची .डीएलएल फाइल एक्झीशेजारी द्यावी आणि दोन्हींचे बिट जुळवावेत, ३२ ला ३२ आणि ६४ ला ६४.

तारखा आणि दशांश चिन्हे विंडोजच्या प्रादेशिक मांडणीवर अवलंबून असतात, हेही येथेच उघडकीस येते. एका संगणकावर ०५/०६ म्हणजे ५ जून असतो, दुसऱ्यावर ६ मे. डेटाबेसमध्ये तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने ठेवावी. विंडोज अनोळखी प्रकाशकाचा इशारा देते तो प्रोग्रामवर डिजिटल स्वाक्षरी नसल्यामुळे. ग्राहकाला अँटिव्हायरस बंद करायला सांगणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

१४. वजनकाट्याचे वजन थेट फॉर्मवर आणता येईल का? प्रयत्न केला तर आकडे तुटक येतात आणि फॉर्म गोठतो.

येईल. सिनॅप्स लायब्ररीतील सिनासेर या युनिटने सीरियल पोर्ट वाचता येतो. वेग, पॅरिटी आणि डेटा बिट हे काट्याच्या माहितीपत्रकात दिलेले असतात आणि ते तंतोतंत जुळावे लागतात. आकडे तुटतात, कारण काटा पाठवतो ती ओळ एकसंध पोहोचेलच असे नाही, ‘८४५.०’ यातील ‘८४’ एका वाचनात आणि उरलेले पुढच्या वाचनात येऊ शकते. मिळालेले तुकडे एका चलात जोडत जावे आणि ओळ संपल्याचे चिन्ह आल्यावरच त्याचा अर्थ लावावा. काटा स्थिर नसतानाही आकडे पाठवत असेल, तर स्थिरतेचे चिन्ह तपासल्याशिवाय वजन स्वीकारू नये. अन्यथा गुळाचा रवा (ढेप) ठेवतानाचा धक्काच पट्टीवर उतरतो.

फॉर्म गोठतो तो वाचनाची वाट पाहणारे चक्र ऑनक्लिकमध्येच फिरत राहिल्यामुळे. अशा वेळी अप्लिकेशन.प्रोसेसमेसेजेस घालण्याचा सल्ला सर्रास मिळतो, परंतु त्यामुळे वापरकर्ता तेच बटण पुन्हा दाबू शकतो आणि एकाच पोर्टवर दोन चक्रे सुरू होतात. वाचन टीथ्रेडमध्ये (फॉर्मला न अडवता बाजूला स्वतंत्र चालणाऱ्या कोडमध्ये) न्यावे आणि फॉर्मवरील घटकांना थ्रेडमधून थेट हात न लावता सिंक्रोनाइझमार्फत वजन दाखवावे. यूएसबी-सीरियल केबल दुसऱ्या खाचेत लावली की पोर्टचा क्रमांक बदलू शकतो, म्हणून तो कोडमध्ये पक्का न लिहिता सेटिंगमध्ये ठेवावा.

१५. दुकानातले तीन संगणक एकाच एसक्यूलाइट फाइलवर चालवले तर?

नेटवर्कवरील सामायिक फोल्डरमध्ये फाइल ठेवून हे करू नये. तेथे फाइल कुलूपबंद करण्याची यंत्रणा भरवशाची नसते, आणि दोघांनी एकाच वेळी लिहिल्यास फाइल बिघडू शकते. फायरबर्ड, पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मारियाडीबी यांपैकी एक सर्व्हर एका संगणकावर बसवावा. लॅझरसमध्ये या तिन्हींसाठी कनेक्शन घटक आहेत, त्यामुळे क्वेरी आणि डीबीग्रिड बहुतांशी तेच राहतात. बदल करावा लागतो तो कनेक्शन घटकात, काही एसक्यूएल वाक्यांत आणि आपोआप वाढणाऱ्या क्रमांकांच्या पद्धतीत. पट्टी क्रमांक ‘शेवटचा अधिक एक’ असा काढत असल्यास तो आधी बदलावा, कारण दोन संगणकांवर एकाच क्षणी पट्टी फाडली की दोघांनाही तोच क्रमांक मिळतो.